शब्दकोशवाल्यांनो, नुसती नोंद करून हात वर करू नका : एक खुलं पत्र

इंग्रजी शब्दकोशांचं काम बघणाऱ्या सर्व संपादक मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहितेय कारण इंग्रजी बोलण्यात जे बदल होताहेत त्यांचा फटका बसणाऱ्यांमध्ये घरी इंग्रजी न बोलणारेच जास्त आहेत, आणि तुमच्याइतकंच त्यांनीही हे वाचावं अशी माझी इच्छा आहे.

मी गेली १४ वर्षं इंग्रजी बोलणं ऐकून ते मराठीत उतरवायचं काम करते. मुलाखती, ट्रेनिंगचे व्हिडिओ, मीटिंगची रेकॉर्डिंग, पेशंटना द्यायच्या सूचना, सगळं. कानाला हेडफोन लावायचा, एकच वाक्य पाच-पाच वेळा मागे नेऊन ऐकायचं, आणि मग दोन ओळीत बसेल असं मराठी लिहायचं. पुस्तकातलं इंग्रजी माझ्याकडे फार येत नाही, येतं ते तोंडातलं, अर्धवट तुटलेलं, मध्येच वळलेलं. त्यामुळे इंग्रजी बोलायची सवय कशी बदलतेय हे मला रोज कानाने कळतं, त्यासाठी कुणाचा लेख वाचावा लागत नाही.

आता पत्र लिहायचं कारण. गेल्या महिन्यात एका मुलाखतीचं काम होतं. त्यातल्या बाई म्हणतात, 'आय लिटरली स्टुड देअर फॉर थ्री अवर्स', म्हणजे 'मी अक्षरशः ३ तास तिथे उभी होते'. आधीच्या दहा मिनिटांत त्या 'लिटरली' ११ वेळा म्हणाल्या होत्या (मोजले मी), एकदा 'लिटरली मेले', एकदा 'लिटरली डोकं फुटलं'. म्हणजे या ३ तासांचं काय समजायचं? खरंच ३ तास, की खूप वेळ? मुलाखतीचा विषय असा होता की तेवढ्यावर बरंच काही अवलंबून होतं. मी नुसतं 'मी तिथे ३ तास उभी होते' असं लिहिलं आणि शेजारी टीप टाकली की नक्की वेळ विचारून घ्या. फाइल तपासणाऱ्याकडून परत आली, लाल शेरा होता, 'लिटरली राहिलं आहे, अक्षरशः घाला', आणि सोबत शब्दकोशाच्या ॲपचा स्क्रीनशॉट. त्यात वर एक अर्थ, खाली दुसरा, 'जोर देण्यासाठी वापरतात'. झालं. बाबावाक्यं प्रमाणम्. शब्दकोशात आहे ना, मग बरोबर, पुढे बोलायचंच नाही. वेळ विचारायची माझी टीप मात्र कुणी वाचलीच नव्हती.

तेव्हा ठरवलं की आता हे तुमच्याशीच बोलायचं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण असं काही लिहिलं की लगेच 'भाषा बदलतच असते हो' हे ऐकवलं जातं. माहिती आहे मला. 'व्हेरी' हा शब्द मुळात जुन्या फ्रेंचमधल्या 'खरा' या अर्थाच्या शब्दावरून आला आणि झिजत झिजत नुसता 'खूप' झाला, म्हणजे 'लिटरली'चं आज जे होतंय तेच. 'नाइस'चा पूर्वी अर्थ होता मूर्ख. 'ऑफुली' आणि 'टेरिबली'चं जे झालं तेच आपल्याकडे 'भयंकर'चं झालं, आपण 'भयंकर सुंदर' बिनदिक्कत म्हणतो आणि कुणी घाबरत नाही. एकट्या माणसासाठी 'दे' हे 'ते लोक' या अर्थाचं इंग्रजी सर्वनाम वापरायची पद्धत १४व्या शतकापासून आहे. आणि 'लिटरली'चा हा जोर देण्यासाठीचा वापर सुद्धा आजकालच्या पोरांनी काढलेला नाही, ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात त्याचं उदाहरण १७६९ चं आहे आणि मेरियम-वेबस्टर या अमेरिकन कोशाने १९०९ मध्येच त्याची नोंद घेतली होती. ऑक्सफर्डने २०११ मध्ये ती नोंद सुधारली, दोन वर्षांनी, म्हणजे २०१३ मध्ये, लोकांच्या ते लक्षात आलं आणि मोठी ओरड झाली, तेव्हा मी तुमच्या बाजूने भांडले होते. लोक बोलतात ते टिपायचं हे तुमचं काम आहे आणि ते तुम्ही मन लावून करता. सॅम्युएल जॉन्सन या इंग्रज कोशकाराने १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत कबूलच केलंय की भाषा बांधून ठेवायची त्याची सुरुवातीची आशा फोल ठरली. त्यामुळे शब्द काढून टाका, बंदी घाला, असलं काही मी मागत नाहीये.

माझं म्हणणं वेगळं आहे. तुम्ही म्हणता आम्ही फक्त नोंद ठेवणारे, आम्ही न्यायाधीश नाही. पण लोक तुमच्याकडे निकाल मागायलाच येतात, आणि हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. वाद झाला की माणूस तुमचं ॲप उघडतो. मग नोंद ठेवणाऱ्यावर एवढी तरी जबाबदारी येते की नाही, की बाबा, हा शब्द असा वापरलास तर ऐकणाऱ्याचा असा असा गोंधळ होऊ शकतो हे सांगावं? आणि ते सांगायचं जे साधन तुमच्याकडे होतं, म्हणजे अर्थाच्या शेजारचा तो छोटासा शेरा, 'अनौपचारिक', 'प्रमाण नाही', 'गैरसमज होतो', तोच फोनच्या स्क्रीनवर दिसेनासा झालाय.

हे मी हवेत बोलत नाहीये. मोठ्या आवृत्तीत 'लिटरली'खाली व्यवस्थित टिपण असतं, वाद काय आहे तेही असतं. पण ते बघायला खाली जावं लागतं, 'अजून पाहा' दाबावं लागतं, मध्ये जाहिरात येते, आणि शोध घेतल्यावर वर जी चौकट उघडते तिच्यात तर दोन ओळींच्या पलीकडे काहीच नसतं. स्क्रीनशॉट निघतो तो त्या दोन ओळींचा. तुमच्या घरात टिपण आहे हो, पण दारात येणाऱ्याला ते दिसत नाही.

शेरे गायब व्हायची गोष्ट जुनी आहे. १९६१ मध्ये वेबस्टरची तिसरी मोठी आवृत्ती आली तेव्हा 'बोलचालीतला' हा शेराच काढून टाकला गेला होता, आणि 'एंट' (म्हणजे 'इज नॉट'चं बोलचालीतलं रूप) या शब्दावरून वर्तमानपत्रांनी केवढं रान उठवलं. त्यालाच उत्तर म्हणून १९६९ मध्ये अमेरिकन हेरिटेज शब्दकोश आला, त्यांनी वापराबद्दल मत द्यायला लेखक-पत्रकार-अभ्यासकांचं एक मंडळ नेमलं, पुढे ते जवळपास २०० जणांचं झालं. ते मंडळ एखाद्या वापराबद्दल किती जणांना तो पटतो किती जणांना खटकतो हे सांगायचं, म्हणजे बंदी नाही आणि बेफिकिरीही नाही, मला ती पद्धत फार आवडायची. २०१८ मध्ये ते मंडळ बंद केलं. त्याच्या जागी काय आलं? माझ्या बघण्यात तरी त्या तोडीचं काहीच आलं नाही.

आता तक्रारी. क्रम लावत नाही, जशा डोक्यात आहेत तशा.

सगळ्यात मोठी तक्रार 'बायवीकली'ची. ही मला आयुष्यभर लक्षात राहील. एका औषधाबद्दल पेशंटना दाखवायच्या व्हिडिओचं काम माझ्याकडे होतं, बोलणारा माणूस अगदी गोड आवाजात सांगतो की इंजेक्शन 'बायवीकली' घ्यायचं. मी थांबले. शब्दकोश उघडला. अर्थ एक, दर दोन आठवड्यांनी. अर्थ दोन, आठवड्यातून दोनदा. एवढंच, पुढे काही नाही. दोन आठवड्यांत एक इंजेक्शन की चार? मी काम देणाऱ्यांना ईमेल केला, उत्तर आलं, 'शब्दकोशात बघून घ्या ना'. मी परत लिहिलं की शब्दकोशात बघूनच विचारतेय. दुसऱ्या दिवशी फोन केला, तिसऱ्या दिवशी कुणीतरी मूळ लिहिणाऱ्यापर्यंत पोचलं आणि कळलं की दर दोन आठवड्यांनी एकदा. मी तसं स्वच्छ मराठीत लिहिलं, 'दर १४ दिवसांनी एक'. पण मूळ इंग्रजी व्हिडिओत शब्द तसाच राहिला, कारण रेकॉर्डिंग परत करायला कुणाला वेळ नव्हता. आपल्याकडे 'ध'चा 'मा' म्हणतात ना, तिथे निदान कुणीतरी मुद्दाम अक्षर बदलल्याची आख्यायिका आहे, इथे कुणी काही बदललंच नाही, शब्दच तसा आहे आणि तुम्ही तो दोन्ही अर्थांसकट शांतपणे छापलाय. नोंद म्हणून अगदी बरोबर. पण 'हा शब्द टाळा, सरळ दर दोन आठवड्यांनी किंवा आठवड्यातून दोनदा म्हणा' ही एक ओळ दोन अर्थांच्या वरती टाकायला काय हरकत आहे? 'बायमंथली'चं तेच.

कुणी म्हणेल असं लोकांना वळण लावता येत नसतं. येतं की. 'इनफ्लेमेबल' म्हणजे पेट घेणारं, पण सुरुवातीच्या 'इन'मुळे लोकांना वाटायचं न पेटणारं, म्हणून १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेने लोकांना 'फ्लेमेबल' म्हणायचा आग्रह धरला आणि तो शब्द रुळला, आज टँकरवर तोच दिसतो. आणि विमानांचं उदाहरण तर अंगावर काटा आणणारं आहे. २७ मार्च १९७७, टेनेरिफ बेटावरचा लॉस रोदेओस विमानतळ, दाट धुकं. एका विमानातून रेडिओवर सांगितलं गेलं, 'वी आर नाऊ ॲट टेकऑफ'. टॉवरमधल्या माणसाला वाटलं विमान टेकऑफच्या जागी उभं आहे, प्रत्यक्षात ते धावपट्टीवर पळायला लागलं होतं. टॉवरने 'ओके' म्हटलं, त्यापुढचं 'थांबा, मी सांगतो' हे, त्याच वेळी दुसरं एक विमानही रेडिओवर बोलल्यामुळे, खरखरीत गेलं. ते दुसरं विमान त्याच धावपट्टीवर होतं. ५८३ माणसं गेली. कारणं बरीच होती, धुकं होतं, गर्दी होती, घाई होती, सगळा दोष शब्दांवर टाकता येणार नाही. पण त्यानंतर रेडिओवरचं बोलणं बदललं, 'टेकऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती काढून घेतानाच उच्चारायचा, बाकी वेळी 'डिपार्चर' म्हणायचं असं ठरलं. म्हणजे जिथे जिवाशी गाठ आहे तिथे बोलायच्या सवयीलाही वळण लावता येतं. पेशंटचं इंजेक्शन पण जिवाशीच गाठ आहे की.

'डिसइंटरेस्टेड'बद्दल थोडक्यात सांगते. कुणाच्याही बाजूने स्वार्थ नसलेला, निःपक्ष, हा त्याचा एक अर्थ, आणि रस नसलेला हा दुसरा. दुसरा अर्थ काही नवीन नाही, पण त्यासाठी 'अनइंटरेस्टेड' आहे. पहिल्या अर्थासाठी तेवढा नेमका शब्द नाही. 'आम्हाला डिसइंटरेस्टेड माणूस हवाय' असं मीटिंगमध्ये कुणी म्हटलं आणि अर्धे जण हसले, हे मी रेकॉर्डिंगमध्ये ऐकलंय. एक चांगला शब्द हळूहळू निकामी होतोय आणि तुमच्या छोट्या चौकटीत दोन्ही अर्थ अगदी शेजारी शेजारी, जणू काही फरकच नाही.

'आय कुड केअर लेस'. म्हणायचंय 'मला काडीचीही पर्वा नाही', म्हटलं जातं त्याच्या बरोबर उलट. अमेरिकेत हे इतकं रुळलंय की ऐकणाऱ्याला खटकतही नाही, पण जो इंग्रजी शिकून बोलतो तो शब्दाला शब्द लावत जातो आणि त्याला वाटतं की या माणसाला थोडीफार पर्वा दिसतेय. मी नवीन होते तेव्हा अशी चूक करून बसले होते आणि एका रागावलेल्या माणसाला मी मराठीत चांगलाच समजूतदार करून ठेवलं होतं. ते छापून गेलं. अजून वाईट वाटतं.

'क्वाइट गुड' ब्रिटिश माणूस म्हणाला तर 'ठीक आहे', अमेरिकन म्हणाला तर 'छान'. एखादा विषय मीटिंगमध्ये 'टेबल' केला म्हणजे ब्रिटनमध्ये चर्चेला घेतला, अमेरिकेत बाजूला ठेवला. दोघं एका कॉलवर असले की मग काय होतं ते मी ऐकलंय, २० मिनिटं दोघं एकमेकांना होकार देत होते आणि दोघांच्या मनात वेगवेगळं होतं.

काही गोष्टी मात्र नुसत्या डोक्यात जातात, त्याने कुणाचं नुकसान होत नाही. प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला 'सो'. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'राइट?'. साधं 'फोन करते' म्हणायच्या ऐवजी 'रीच आउट'. 'यापुढे' म्हणायला 'गोइंग फॉरवर्ड', तेही जिथे काळाचा उल्लेखच नको तिथे. अडचण, चूक, भांडण, बिघाड सगळ्याला एकच 'इश्यू'. 'थँक्यू'ला 'नो प्रॉब्लेम'. कान किटलेत माझे, पण हे मी तुमच्याकडे तक्रार म्हणून आणत नाही, ही माझ्या कानाची अडचण आहे आणि उद्या दुसरं काहीतरी येईल.

उलट एका सवयीची बाजू मला घ्यायचीय. 'आय वॉज लाइक' वर लोक तुटून पडतात, तरुण पोरींना तर विशेष ऐकवतात. पण नीट ऐकलं तर तो 'लाइक' फार उपयोगाचा आहे. 'शी सेड' म्हटलं की पुढचे शब्द तिचे आहेत असा दावा होतो, 'शी वॉज लाइक' म्हटलं की कळतं पुढे तिच्या म्हणण्याचा रोख येणार आहे, कदाचित नुसता चेहऱ्यावरचा भाव. आपण 'मला असं झालं की' म्हणतो ना, तसंच. माझ्या कामात या फरकाची फार मदत होते. वाक्याचा शेवट प्रश्नासारखा वर नेऊन बोलायची सवय, तिलाही उगाच नावं ठेवतात, न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात कितीतरी वर्षांपासून लोक तसं बोलतात आणि ऐकणाऱ्याला सोबत ठेवायला त्याचा उपयोग होतो. मग तक्रार काय? तक्रार ही की हे सगळं आवाजात आहे आणि तुमच्या नोंदी अजून कागदाच्या आहेत. 'याह, नो' म्हणजे नक्की हो की नाही? ते सुरावर ठरतं. 'फाइन' म्हणजे खरंच ठीक की मी चिडलेय? तेही सुरावर. शब्दाचा उच्चार ऐकवायचं बटण दिलंत, चांगलं केलंत, पण तिथे एकटा शब्द कोरड्या आवाजात येतो. वाक्यातला सूर कोण ऐकवणार?

आणि 'वर्षाचा शब्द'. २०१५ मध्ये ऑक्सफर्डने एक इमोजी निवडला, जो शब्दच नाही. २०२२ मध्ये लोकांच्या मतांवर 'गॉब्लिन मोड' (लाज सोडून आळसात वागणं) आला. २०२५ मध्ये डिक्शनरी डॉट कॉमने '६७' हा आकडा निवडला. निवडा, माझी काही ना नाही, पोरं काय बोलतात ते टिपायला हवंच. पण वर्षातून एकदा सगळ्या जगाचं लक्ष तुमच्याकडे वळतं आणि त्या एका दिवशी एकदाही कुणी सांगत नाही की 'बायवीकली' म्हणू नका. त्याचं मला दुःख होतं. खरंच होतं.

तर मागण्या अशा आहेत.

पहिली, शेरा अर्थाच्या आधी दाखवा आणि फोनवरही दाखवा. शोधाच्या चौकटीला किंवा दुसऱ्या ॲपला तुमची माहिती देताना करारातच घाला की शेरा कापता येणार नाही. 'इररिगार्डलेस'ला ('रिगार्डलेस'लाच उगाच 'इर' जोडून झालेला शब्द) तुम्ही 'प्रमाण नाही' असं स्पष्ट लिहिता, मेरियम-वेबस्टरने २०२० मध्ये त्यावरून लोकांचा केवढा राग झेलला पण शब्दही काढला नाही आणि शेराही काढला नाही, मला ते मनापासून पटलं. तो शेरा स्क्रीनशॉटमध्ये आला पाहिजे, बास.

दुसरी, ज्या शब्दांचे दोन अर्थ एकमेकांच्या उलट जातात किंवा ज्यांच्यामुळे तारीख, वेळ, मात्रा, पैसे यात गोंधळ होतो, त्यांची एक वेगळी यादी करा आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक ओळ लिहा की त्याऐवजी काय म्हणावं. यादी लांब नसेल. मला वाटतं पन्नास-साठ शब्दांत काम होईल.

तिसरी, वापराबद्दल मत देणारं मंडळ परत सुरू करा, पण या वेळी त्यात फक्त मोठे लेखक नकोत. इंग्रजी पहिली भाषा असलेल्यांपेक्षा ती शिकून बोलणारे जगात जास्त आहेत, त्यांना घ्या. दुभाषे घ्या, सबटायटल करणारे घ्या, नर्स घ्या, विमानाशी बोलणारे टॉवरमधले लोक घ्या. गैरसमज कुठे होतो हे ऐकणाऱ्याला आधी कळतं, बोलणाऱ्याला बहुतेक वेळा कळतच नाही.

चौथी, निदान वीस-पंचवीस रोजच्या बोलण्यातल्या तुकड्यांसाठी पूर्ण वाक्यं ऐकवा, वेगवेगळ्या सुरात, वेगवेगळ्या देशातल्या लोकांकडून.

माझ्याकडे एक वही आहे, १४ वर्षांत जिथे जिथे अडले ते शब्द, वाक्य कसं होतं, मी काय समजले आणि खरं काय निघालं, असं सगळं त्यात लिहिलंय. नावं नाहीत, कामं देणाऱ्यांचा काही उल्लेख नाही, फक्त भाषा. तुमच्यापैकी ज्यांना हवी असेल त्यांना मी ती टाइप करून पाठवायला तयार आहे, पैसे नकोत. पहिल्या पानावर 'कुड केअर लेस' आहे. 'बायवीकली' तीन वेगवेगळ्या पानांवर आहे, तिन्ही वेळा वेगवेगळ्या लोकांचं काम, आणि तिन्ही वेळा मला फोन करून विचारावं लागलं. यातल्या दोन वेळा उत्तर होतं दर दोन आठवड्यांनी, एकदा आठवड्यातून दोनदा.

उत्तराची वाट बघते.

आपली,
इंग्रजी ऐकून मराठीत उतरवणारी एक भाषांतरकार